वसतिगृहास निघालेलीं मुलें

नवोदय विद्यालयाच्या निवड-परीक्षेची यादी लागते, आणि ज्या घरांतील मुलाचें नांव तींत निघतें त्या घरांत त्या दिवसापासून दुसरा विषय उरत नाहीं. मूल बोटांवर दिवस मोजूं लागतें. नवी पेटी आणली कीं ती रोज उघडून पाहतें. गणवेश कसा असेल, मैदान केवढें असेल, खाट खिडकीशीं मिळेल कीं नाहीं, हे प्रश्न जेवतांना व निजतांना चालूच असतात. हा उल्हास चांगला आहे. मोठ्यांनीं त्यावर पाणी ओतूं नये. परंतु पालकहो, दहा-अकरा वर्षांच्या मुलाची दृष्टि पेटी, मैदान व खाट येथपर्यंतच पोहोंचते. त्यापुढें जें आहे त्याची तयारी घरच्या माणसांनीं करावयाची असते, आणि पुष्कळ घरीं ती खरेदीबरोबरच संपते.

प्रथम शाळेविषयीं थोडेंसें. हीं पहिलीं दोन विद्यालयें १९८५-८६ सालीं प्रयोगादाखल निघालीं. एक हरियानांतील झज्जर येथें व दुसरें आपल्या अमरावतीस. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ती योजना जिल्ह्याजिल्ह्यांत नेली (तामिळनाडूनें मात्र ती स्वीकारली नाहीं). एका विद्यालयांत साहावीच्या वर्गास ८० पर्यंत मुलें घेतात. त्यांतील निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांकरितां, आणि एकंदरींत एकतृतीयांश जागा मुलींकरितां असतात. राहणें, जेवण, गणवेश व पुस्तकें यांचा भार आईबापांवर पडत नाहीं. शेतमजुराच्या मुलासहि हें दार उघडें आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

इतकें सर्व मिळत असतांहि कांहीं मुलें थोड्याच दिवसांत पेटीसकट घरीं परततात. अभ्यास जड गेला म्हणून परततात असें म्हणावें, तर आरंभीचीं वर्षें शिकवणें मातृभाषेंतच असतें. गणित व विज्ञान इंग्रजींत आणि सामाजिक शास्त्रें हिंदींत शिकणें मागाहून येतें. मुलें परततात तीं बहुधा संध्याकाळमुळें.

वसतिगृहाचा दिवस भरगच्च असतो. पहाटे उठणें, कवाईत, प्रार्थनासभा, तास, भोजनगृहांतील रांग, सायंकाळचे खेळ, रात्रीं शिक्षकांच्या देखत अभ्यास व शेवटीं हजेरी. हात व मन गुंतलेलीं असतात तोंवर मूल ठीक असतें. खेळ संपून दिवे लागले कीं त्यास आठवतें: आतां गुरें गोठ्यांत आलीं असतील, चूल पेटली असेल, धाकटी बहीण आपल्या जागेवर निजली असेल. रविवारची दुपार तर सरतां सरत नाहीं. ही घराची ओढ आजार नव्हे, आणि भित्रेपणाहि नव्हे. घर सोडून राहणाऱ्या बहुतेक मुलांस ती थोडीबहुत लागते, आणि बहुतेकांची कांहीं आठवड्यांत ओसरते. जें मूल निघतांना सर्वांत अधिक उड्या मारीत होतें तेंहि तिसऱ्या रात्रीं उशींत तोंड खुपसून रडूं शकतें. त्याचें त्यालाच आश्चर्य वाटतें, कारण असें होईल हें त्यास कोणीं सांगितलेलेंच नसतें.

तें सांगावें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २००७ सालीं आपल्या नियतकालिकांत याच ओढीविषयीं एक लेख प्रसिद्ध केला. त्यांतील सल्ला आपल्या खेड्यांतहि चालण्याजोगा आहे. घराची आठवण येणें साहजिक आहे, हें मुलाशीं आधींच बोलावें. जाण्यापूर्वीं दोन-चार रात्री त्यास आईबापांवांचून, मामाच्या किंवा आत्याच्या घरीं, ठेवून पाहावें. आणि “नाहीं करमलें तर मी लगेच न्यावयास येईन,” असें वचन कधींहि देऊं नये. हें वचन प्रेमाचें दिसतें. पण तें दिल्यानें मुलास दोन गोष्टी कळतात: एक, तुला हें जमेल असें बापासहि वाटत नाहीं. दुसरी, सुटकेची वाट रडण्यांतून जाते. मग तें मूल रुळण्याचा प्रयत्न सोडून वाटेकडे डोळे लावून बसतें.

जून महिना येण्याआधीं मुलास आपले कपडे धुणें, अंथरुणाची घडी घालणें, बटण लावणें व तापाची कणकण आल्यास मोठ्या माणसास जाऊन सांगणें, एवढें तरी यावें. मुलग्यांच्या बाबतींत या गोष्टी आपल्याकडे मुद्दाम सांगाव्या लागतात. मुलींस त्या बहुधा येतातच. आणि तरीहि मुलीचें नांव यादींत आल्यावर “अजून लहान आहे, परक्या ठिकाणीं कशी राहील?” असें म्हणून जागा सोडून देण्याची बुद्धि होते. त्याच वयाच्या भावाची पेटी मात्र भरली जाते. हा न्याय आम्हांस पटत नाहीं. शंका असल्यास मुलींचें वसतिगृह स्वतः जाऊन पाहावें, तेथील अधीक्षिकेस प्रश्न विचारावे व मग ठरवावें.

खेड्यांतील मुलानें शिकण्यासाठीं घर सोडणें मराठी मुलखास नवें नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास जें वसतिगृह चालविलें, त्यास १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एका छपराखालीं राहत, एका पंक्तीस जेवीत, आणि कामहि आपल्या हातांनीं करीत. पैसा सरला तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने व अखेर मंगळसूत्रहि देऊन मुलांच्या पोटाची सोय केली. नवोदयांतहि अरवली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी असे मुलांचे चार गट असतात; नव्या मुलास पहिली ओळख गटांतच होते, व त्याच्याकडे कांहीं काम आलें कीं तें लवकर रुळतें. पुढें नववींत यांतील कांहीं मुलें वर्षभराकरितां हिंदी मुलखांतील विद्यालयांत जातात, आणि तिकडील मुलें इकडे येतात.

मुलास स्वतःजवळ भ्रमणध्वनि ठेवतां येत नाहीं; भेटीचे व बोलण्याचे दिवस ठरलेले असतात. त्या दिवशीं आईनें फोनवर रडूं नये. “तुझ्यावांचून घर ओस वाटतें” या वाक्यानें मुलाच्या पुढील दोन रात्री जातात. आज काय शिकलास, कोणाशेजारीं जेवलास, असें विचारावें, आणि त्याचें रडें मध्येंच न तोडतां ऐकून घ्यावें.

मात्र प्रत्येक रडें घराच्या ओढीचेंच असतें असें धरून चालूं नये. पुष्कळ आठवडे लोटूनहि मूल जेवत नाहीं, निजत नाहीं, वाळत चाललें आहे. मोठीं मुलें मारतात असें सांगतें. कोणा माणसाचें नांव निघतांच गप्प होतें. कोणीं अंगास नको तसा हात लावल्याचें सुचवितें. तर “जरा सहन कर” हे शब्द पापाचे आहेत. त्याच दिवशीं जावें, मुलास एकान्तांत विचारावें, प्राचार्यांस भेटावें, आणि तेथें दाद न लागली तर मुलास घेऊन यावें. एक जागा गेली तरी चालेल. संकटांतील मुलांसाठीं देशभर १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे, व त्यास पैसे पडत नाहींत. तो मुलास तोंडपाठ असावा. पेटीवर नांव घालतांना झांकणाच्या आंतल्या बाजूस तोहि लिहून ठेवावा.