महिना हजारात खोली कुठे मिळते?

रत्नागिरीत शिकायला आलेल्या आणि सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वर्षाला 43 हजार रुपये ठरलेले आहेत. भोजनाचे 25 हजार, निवासाचे 12 हजार आणि निर्वाहाचे 6 हजार. म्हणजे राहण्यासाठी महिना हजार रुपये. साळवी स्टॉपपासून मारुती मंदिरापर्यंत आणि तिथून नाचणे गावापर्यंत हवी तितकी दारं ठोठावा, हजारात स्वतंत्र खोली सोडाच, चौघांच्या खोलीतली एक कॉटही मिळत नाही.

मी हे घरमालकीण म्हणून लिहिते आहे. आमच्या घराच्या माडीवर विद्यार्थ्यांसाठी दोन खोल्या आहेत. यजमानांच्या निवृत्तीचे पैसे आणि वर थोडं कर्ज काढून त्या बांधल्या. कर्जाचा हप्ता, घरपट्टी, लाइटबिल आणि मे महिन्यात नळाला पाणी कमी पडलं की टँकर, हे सगळं भाड्यातूनच भागवायचं असतं. मालक म्हणजे पैशाच्या राशीवर बसलेला माणूस, असं चित्र पुष्कळांच्या डोक्यात असतं. आमच्या आळीत खोल्या भाड्याने देणारी बहुतेक घरं निवृत्तांची नाहीतर एकट्या बायकांची आहेत.

एका वर्षी मंडणगड तालुक्यातला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहाच्या यादीत नाव नव्हतं. मंडणगडहून रोज ये-जा करणं शक्यच नाही. भाडं दोघांच्या खोलीत माणशी बावीसशे. वडील म्हणाले, "ताई, योजनेचे पैसे आले की एकरकमी देऊ. तोवर होईल तसं देत जाऊ." मुलगा साधा, बोलायला नम्र. खोली दिली.

पहिले दोन महिने भाडं वेळेवर आलं. पुढे अर्धं येऊ लागलं, मग तेही थांबलं. कॉलेज पावसाळ्यात सुरू होतं आणि भाडं पहिल्या महिन्यापासून लागतं. योजनेचा पैसा मात्र अर्ज, छाननी, त्रुटींची पूर्तता, हजेरीचा दाखला या पायऱ्या चढून हप्त्यांनी खात्यात येतो. मधले महिने कुणी काढायचे, याचं उत्तर योजनेच्या कागदात नाही. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्याच घराला ती योजना मिळते. त्या घराने आधी पदरचे पैसे भरावेत आणि मागाहून मिळवावेत, असा हा व्यवहार आहे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा टाकीचा कॉक बघायला माडीवर गेले होते. दार उघडं होतं. तो डबा उघडून बसला होता. दोन पोळ्या आणि थोडी भाजी त्याने ताटलीत घेतली, उरलेल्या दोन पोळ्या फडक्यात बांधल्या आणि भात झाकणाखाली ठेवून डबा पुन्हा लावला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काकू, रात्रीचा डबा बंद केला. एकच दोन वेळा पुरवतो." भाजी रात्रीपर्यंत आंबते, हे त्यालाही ठाऊक होतं. दोन वेळचा डबा तेव्हा महिना तीन हजारांच्या घरात होता. भोजनाचे 25 हजार बारा महिन्यांत वाटले तर दोन हजारांच्या जरा वर जातात. भाड्याला कमी पडणारे बाराशे त्याने जेवणातून काढले होते. भाड्याची तूट अशी ताटात उतरते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

डब्यातूनही भागेना तेव्हा तो रात्री एका केटररकडे कामाला जाऊ लागला. लग्नसराईत पहाटे दोन-तीनला परत यायचा आणि सकाळची लेक्चरं चुकायची. या योजनेला 75 टक्के हजेरीची अट आहे. हजेरी घसरली आणि पुढचा हप्ता अडकला. अपुऱ्या मदतीची भर घालायला म्हणून तो कामाला गेला आणि कामापायी आहे ती मदतही गेली. फेब्रुवारीत वडील येऊन सामान घेऊन गेले. माझ्या वहीत चार महिन्यांचं भाडं बाकी राहिलं, त्याचं वर्ष बुडालं. चार महिने ही आमच्यासारख्या घराला लहान गोष्ट नाही. त्या वर्षी कर्जाचे हप्ते भरायला मुदतठेव मोडावी लागली.

यात मुलगा लबाड नव्हता आणि भाडं मागणं ही माझी दुष्टाईही नव्हती. दोघांमध्ये हजार रुपयांचा तो आकडा उभा होता. योजना 2016-17 साली सुरू झाली तेव्हाचा हा दर आहे. पुढे इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिचा शासन निर्णय 2024 च्या मार्चमधला. मधली सात वर्षं गेली होती, तरी जिल्ह्याच्या ठिकाणासाठी निवासाचे तेच 12 हजार त्यात उतरले. त्या सात वर्षांत रत्नागिरी होती तिथे राहिली नाही. 2023 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या कामावरची माणसं आली, कंपन्या अख्खे फ्लॅट आगाऊ पैसे भरून घेऊ लागल्या. गिऱ्हाईक वाढलं आणि भाडी चढली.

अशा वेळी मालक काय करतो? जो महिन्याच्या पाच तारखेला पैसे देईल त्याला खोली देतो. "योजनेवाला नको" हे वाक्य मी आमच्याच आळीत ऐकलं आहे. स्वाधार म्हटलं की पोराची जात कळते, आणि काही घरांत "पैसे उशिरा येतात" ही सबब पुढे करून आत वेगळंच कारण दडलेलं असतं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मदतीची रक्कम भाड्याला पुरेशी आणि वेळेवर असती, तर निदान ही सबब तरी कुणाला मिळाली नसती.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. ब्रिटनमध्ये खासगी भाडेकरूंना सरकार घरभाड्यासाठी मदत देतं. 2011 पर्यंत त्या मदतीची मर्यादा त्या भागातल्या मधल्या भाड्याइतकी होती. नंतर ती भाड्यांच्या तळातल्या 30 टक्क्यांवर आणली आणि 2016 ते 2020 गोठवून टाकली. मर्यादा आवळली म्हणजे मालक भाडी उतरवतील, असा हिशेब मांडणारेही होते. पण तिथे मालकांच्या जाहिरातींत "नो डीएसएस", म्हणजे सरकारी मदतीवरचा भाडेकरू नको, हे शब्द छापून येत. 2020 साली यॉर्कच्या न्यायालयाने असा सरसकट नकार हा बेकायदा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. आपल्याकडे तो नकार छापलेला नसतो, तोंडीच दिला जातो.

त्या वर्षानंतर मी खोल्या देणं थांबवलं नाही, रीत बदलली. ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून सांगते.

पहिली गोष्ट कराराची. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं, असं मालक आणि विद्यार्थी दोघंही धरून चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदणी फी शहरात हजार रुपये, ग्रामपंचायत हद्दीत पाचशे, आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. शहरातली ती फी म्हणजे त्या मुलाच्या निवास भत्त्याचा अख्खा एक महिना. म्हणून हा खर्च मी स्वतः करते. मुलाला योजनेच्या अर्जाला भाडेकरार लागतोच, आणि नोंदणीमुळे मीही सुरक्षित राहते.

पुष्कळ मालक करार करायला कचरतात, कारण भाडं कागदावर आलं की आयकर मागे लागेल अशी धास्ती असते. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा जाऊन उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या निवृत्ताला बहुतेक वेळा कर बसतच नाही. एकदा हिशेब करून घ्या आणि भीती सोडा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणंही करारासोबतच उरकून टाका.

दुसरी गोष्ट पैशाच्या तारखांची. योजनेवर येणाऱ्या मुलाशी आता मी आधीच ठरवते की दरमहा हजार-बाराशे जमेल तसे द्यायचे आणि फरक हप्ता आल्यावर भरायचा. हे करारात लिहून घेते. अनामत एका महिन्यापेक्षा जास्त घेत नाही. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती देते, कारण पावती ही दोघांची साक्ष असते. विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं, की पैसे लांबले तर मालकाला तोंड चुकवू नका. अर्जाची पोच आणि त्रुटीचा निरोप त्यांना दाखवा. गप्प बसणाऱ्या भाडेकरूबद्दल मालकाच्या मनात लगेच संशय येतो. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे अर्जाच्या आधी तपासा. हजेरी मात्र कुठल्याही कामासाठी 75 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. काम करावंच लागलं तर सुट्टीच्या दिवशीचं शोधा.

पालकांनीही 43 हजारांचा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नये. बारांनी भागलं तर महिना साडेतीन हजारांच्या जरा वर पडतात. खोली आणि डबा धरला तर रत्नागिरीत पाच हजारांच्या पुढे जातं. वरची रक्कम कुठून येणार, हे घरात बसून जूनमध्येच ठरलं पाहिजे.

एवढं करूनही हजार रुपयांत खोली मिळणार नाही, कारण करार आणि पावत्या म्हणजे ठिगळं आहेत. निवासाची रक्कम त्या त्या गावच्या चालू भाड्यावरून दरवर्षी ठरली पाहिजे आणि पहिला हप्ता कॉलेज सुरू होण्याच्या सुमारास हातात पडला पाहिजे. आमदारांनी आणि समाजकल्याण खात्याने हे मनावर घ्यावं, ही माझी मागणी आहे. आणि रत्नागिरीतल्या मालकांना विनंती, की येत्या जूनमध्ये बॅग घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाला योजनेचं नाव ऐकून परत पाठवू नका. त्याला आत बसवा आणि महिन्याचा हिशेब दोघांनी मिळून कागदावर मांडा.