सबंध कोंबडी आणि घरखर्चाचे गणित

काटकसर म्हणजे पोटाला चिमटा घेणे, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. वस्तुतः दाम मोजून घेतलेल्या वस्तूचा पुरता उपयोग करणे, हीच खरी काटकसर होय. हे तत्त्व नुसते सांगून पटत नाही. त्याला हिशेबाची जोड द्यावी लागते. म्हणून या लेखात आम्ही स्वयंपाकघरातलेच एक उदाहरण घेतले आहे. विद्यार्थ्यांनी ते गणित म्हणून सोडवावे आणि पालकांनी घरखर्चाच्या दृष्टीने त्याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

आपला रत्नागिरी जिल्हा मासळीवर पोसलेला. परंतु १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या नांगरून पडतात आणि ताजी मासळी मिळालीच तर ती महाग मिळते. शाळा सुरू होण्याचा काळही हाच. वह्या, पुस्तके, छत्री, गणवेश यांचा खर्च एकदम अंगावर येतो. अशा वेळी पुष्कळ घरांत रविवारी कोंबडी शिजते. ती कशी घ्यावी, हा आपला प्रश्न.

पहिली गोष्ट वजनाची. दुकानातील भाव जिवंत पक्ष्याचा की सोललेल्या मांसाचा, हे आधी विचारावे. पिसे, कातडी, डोके, पाय व आतडी काढल्यावर वजन सुमारे एक तृतीयांशाने घटते. समजा, जिवंत कोंबडीचा भाव किलोला १३० रुपये आहे. दोन किलोच्या पक्ष्याचे २६० रुपये झाले. सोलल्यावर हाती आले १ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे सोललेल्या मांसाचा भाव किलोला २०० रुपये पडला. १३० हा आकडा पाहून जो स्वस्ताई मानील, तो फसेल.

आता दुसरे गणित. सोललेली सबंध कोंबडी २०० रुपये किलो आणि हाडे काढलेले मांस, ज्याला दुकानात ‘बोनलेस’ म्हणतात, ते ३५० रुपये किलो आहे असे धरू. १ किलो २०० ग्रॅमच्या कोंबडीस २४० रुपये पडतील. तिच्यातून हाडे वेगळी केल्यास सुमारे ७०० ग्रॅम मांस निघेल. तेवढेच बोनलेस मांस घेतले तर २४५ रुपये होतील. म्हणजे बचत झाली अवघी पाच रुपयांची! सबंध कोंबडी घेऊन हाडे उकिरड्यावर टाकणाऱ्याने काहीच वाचवले नाही, उलट हाडे सोडवण्याचे श्रम मात्र पदरी घेतले. तेव्हा बचत कोठे आहे? ती उरलेल्या अर्ध्या किलोत आहे. ही हाडे, मान, काळीज व पेटा यांचे दाम आपण आधीच मोजलेले असतात. त्यांचा उपयोग करणे तेवढे आपल्या हाती असते.

यासाठी दुकानदारास बारीक तुकडे करू देऊ नयेत. त्याने हाडे चिरडली म्हणजे त्यांचे कपचे रश्श्यात उतरतात आणि छातीचे मांसही वेगळे काढता येत नाही. कोंबडी सबंध आणावी, काळीज व पेटा मागून घ्यावा आणि घरी धारदार सुरीने सांध्यावर कापावे. सांधा बोटाने चाचपला की सापडतो. तेथे सुरी हाडात न अडता सहज उतरते. दोन तंगड्या व दोन पंख निघाले, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही अंगांनी मांस सोडवले, की खाली सांगाडा व मान उरते.

पाच माणसांच्या घरी याची तीन जेवणे होतात. पहिल्या दिवशी तंगड्या व पंख भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवावे. सोबत भाकरी असो वा सणावारी वडे. त्याच दिवशी सांगाडा, मान, एक कांदा, आले, चार मिरी व दीड लिटर पाणी कुकरमध्ये घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे व नंतर गाळून घ्यावे. हीच अळणी. दुसऱ्या दिवशी छातीचे मांस बारीक चिरून बटाटा किंवा वाटाण्याबरोबर सुके करावे. तिसऱ्या दिवशी अळणीत तांदूळ व मुगाची डाळ शिजवून खिचडी करावी आणि सांगाड्यास चिकटलेले मांस सोडवून तिच्यात घालावे. तिसऱ्या जेवणास डाळ, तांदूळ व इंधन यांपलीकडे खर्च नाही. घाटावर कोल्हापुरास पांढऱ्या रश्श्याची कीर्ती आहे. तो रस्साही अळणीवरच उभा असतो.

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. हाडे व कुर्चा यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. पाण्यात पुष्कळ वेळ उष्णता मिळाली की त्याचे जिलेटिन बनते. म्हणून गार झालेली अळणी थिजते. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंशांवर उकळते, तर कुकरमध्ये दाबामुळे उष्णता १२० अंशांच्या जवळ जाते व काम लवकर उरकते. फ्रेंच संशोधक देनी पापँ याने १६७९ साली लंडनमध्ये असे बंद झाकणाचे पात्र सिद्ध केले, ते हाडे मऊ करण्यासाठीच. आजचा कुकर त्याच पात्राचा वंशज होय.

मात्र अळणीस अमृत समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस शहरात हाडांच्या जिलेटिनवर गोरगरिबांस पोसावे असा विचार प्रबळ झाला होता. माझांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील समितीने त्याची परीक्षा केली आणि नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही, असा निर्वाळा १८४१ साली दिला. शरीरास आवश्यक असे ट्रिप्टोफॅन हे द्रव्य त्यात नसते. म्हणून अळणी डाळ-भातास जोड म्हणून घ्यावी. मांस, अंडी वा डाळ यांच्या जागी तिला बसवू नये.

काळजाची गोष्ट निराळी. कोंबडीच्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात एक मिलिग्रॅमही लोह नसते, तर तेवढ्याच काळजात ते सुमारे ९ मिलिग्रॅम असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्याकडे अनेक घरांत पुरुषमंडळी व मुलगे आधी जेवतात आणि मुलींच्या ताटात मान व रस्सा तेवढा उरतो. पालकांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, काळजाचा तुकडा मुलीच्या ताटात आवर्जून वाढावा. गरोदर स्त्रियांनी मात्र काळीज बेतानेच खावे, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते. घरात पैसा वाचला आणि मुलगी फिकी पडली, तर त्या काटकसरीचा काय उपयोग?

आता दक्षता. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर रोगजंतू भांड्यांवर पसरतात. कच्च्या मांसाची सुरी व पाट साबणाने धुतल्यावाचून भाजीस लावू नये. आपल्या दमट हवेत शिजलेले अन्न लवकर नासते; म्हणून अळणी पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावी आणि वापरताना पुन्हा खळखळून उकळावी. छातीचे मांसही तेथेच झाकून ठेवावे व दुसऱ्या दिवशी संपवावे. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही किंवा पावसात वीज वारंवार जाते, त्यांनी कोंबडी शेजाऱ्याबरोबर निम्मी वाटून घ्यावी व सर्व त्याच दिवशी संपवावे.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनाची कथा आहे. पाच भाकरी व दोन मासळ्यांवर लोकसमुदाय तृप्त झाल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करण्यास शिष्यांना सांगितले आणि त्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाती एवढी समृद्धी होती, त्यानेही तुकडे वाया जाऊ दिले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ही शिकवण कोणत्याही धर्माच्या घरास परकी वाटणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, पुढील सुटीत घरी कोंबडी आली की तराजू घ्या. सोललेले वजन, मांस व हाडे वेगवेगळी तोला, आपल्या गावचे भाव मांडा, इंधनाचा खर्चही धरा आणि प्रत्येक जेवणास माणशी किती पैसे पडले ते काढा. आमचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे खरे असतील. ते वहीत लिहून वडीलमंडळींस दाखवा.