लॅबचा कचरा जाळणे सुरक्षित?

प्रश्न : जुना जालन्यात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. सगळा कचरा एकत्र करून मागच्या मोकळ्या जागेत जाळला, तर जंतूही मरतील आणि खर्चही वाचेल, असे वाटते. बरोबर आहे का?
– एक वाचक, जुना जालना

उत्तर : जंतूंची काळजी तुम्ही करता, हे चांगलेच, पण उघड्यावर जाळल्याने ती मिटत नाही. आच कमी पडते, सुया जळत नाहीत आणि पीव्हीसीचे हातमोजे, नळ्या जळताना डायॉक्सिन तयार होते. म्हणूनच जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्याही बाद केल्या. शिवाय असे जाळणे बेकायदा आहे.

जाळण्याऐवजी कचरा वेगवेगळा करा. त्यात वेळ जातो, हे खरे. पण तो हात धुवायला जातो तितकाच. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. रक्ताचे नमुने आणि कल्चर मात्र आधी लॅबमध्येच निर्जंतुक करा. सिरिंजचे कोरडे वेष्टन घातक नसते, ते सुक्या कचऱ्यात टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो. घातक कचरा ४८ तासांच्या आत अधिकृत सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत द्या. नोंदणीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. लहान लॅबलाही ती मिळते.