द्राक्षबागेतून जगाचे हवामान

प्रश्न : मी नाशिकमध्ये सातवीला भूगोल शिकवते. मुले जगातील हवामान प्रदेश पाठ करतात, पण कारणे सांगू शकत नाहीत. काय करावे?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करा. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडच्या येवला, नांदगावात जेमतेम ५००-६००. बाष्पाने भरलेले मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरेचसे पाणी तिथेच सांडतात. पुढचा भाग पर्जन्यछायेत राहतो. हे कळले, की अँडीजच्या पूर्वेचे कोरडे पॅटागोनियाही मुलांना समजते.

मग २० अंश उत्तर अक्षवृत्तावर बोट फिरवायला लावा. त्याच्या आसपास नाशिक आहे, सहारा आहे आणि सुमारे २,२४० मीटर उंचीवरचे सौम्य हवेचे मेक्सिको शहरही. अक्षांश सारखे, मग फरक का? वारे, उंची, समुद्रापासूनचे अंतर ही उत्तरे मुलांनाच शोधू द्या.

शेवटी द्राक्षे घ्या. भूमध्य सागरी प्रदेशात उन्हाळा कोरडा, म्हणून काढणी उन्हाळ्याच्या अखेरीस. आपल्याकडे पावसाळा संपताना छाटणी आणि जानेवारी ते एप्रिल काढणी. दोन्हीकडे फळ कोरड्या हवेतच पिकवायचे असते. वर्गाला एखाद्या बागायतदाराकडे जरूर न्या.