नोकरी बदलली, पीएफचे काय कराल?

बेंगळुरूत नोकऱ्या लवकर बदलतात. पुण्याहून किंवा बेळगावहून इथे आलेला माणूस पाच-सहा वर्षांत दोन-तीन कंपन्या पाहतो. प्रत्येक वेळी मागे एक पीएफ खाते राहते आणि सल्ला देणारे म्हणतात, "काढून टाक, पैसे हातात आलेले बरे." हा सल्ला मानण्यापूर्वी पुढचा हिशेब वाचा.

पैसा कुणाचा?

एप्रिल २०१६ मध्ये हाच प्रश्न बेंगळुरूच्या रस्त्यावर आला होता. त्या वर्षीच्या १० फेब्रुवारीच्या अधिसूचनेनुसार मालकाने भरलेला पीएफचा हिस्सा कामगाराला वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नव्हता. १८ आणि १९ एप्रिलला गारमेंट कारखान्यांतील हजारो कामगार काम सोडून बाहेर पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. होसूर रोडची वाहतूक ठप्प झाली. १९ एप्रिललाच केंद्र सरकारने ती अधिसूचना मागे घेतली.

त्या बायकांचे म्हणणे साधे होते. मुलीचे लग्न, घरातले आजारपण किंवा काम सुटल्यानंतरचे महिने यांसाठी त्यांच्याकडे दुसरी एकरकमी शिल्लक नव्हती. पैसा तुमचाच आहे आणि गरज पडली तर तो काढण्यात काही गैर नाही. पण गरज नसताना, फक्त नोकरी बदलली म्हणून काढला, तर तोटा किती होतो हे माहीत असावे.

दर महिन्याला किती जमा होते?

समजा तुमचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे. तुमच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्याचे दोन भाग होतात. १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० रुपये पीएफमध्ये. म्हणजे तुमच्या पीएफमध्ये महिन्याला २,३५० रुपये पडतात.

तीन वर्षांनी, ८ टक्के व्याज धरले, तर ही रक्कम साधारण ९५,००० रुपये होते. आता तुमच्यासमोर दोन वाटा आहेत.

पहिली वाट: काढून घेणे

सलग पाच वर्षे सेवा झाली नसेल, तर काढलेली रक्कम करपात्र ठरते. आजारपणामुळे किंवा मालकाचा धंदा बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल, तर मात्र सूट आहे. रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल आणि पॅन जोडलेला असेल, तर १० टक्के टीडीएस कापला जातो. आपल्या उदाहरणात ९,५०० रुपये कापले जाऊन ८५,५०० हातात येतील. पॅन नसेल तर कपात आणखी जास्त. तुमचे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून हे पैसे परत मागता येतात. पण तोवर ते अडकून राहतात.

दुसरी वाट: नव्या खात्यात वळवणे

रक्कम वळवली तर कर नाही, टीडीएस नाही. शिवाय जुनी सेवा नव्या सेवेला जोडली जाते. पुण्यात तीन वर्षे आणि बेंगळुरूत तीन वर्षे मिळून सहा होतात आणि पाच वर्षांची अट पूर्ण होते. मधेच काढून घेतले, तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

तेच ९५,००० रुपये खात्यातच राहिले आणि दरवर्षी ८ टक्के व्याज मिळत गेले, तर २० वर्षांत त्यांचे सुमारे ४ लाख ४३ हजार होतात. व्याजदर दरवर्षी ठरतो, म्हणून हा आकडा अंदाज समजा.

पेन्शनचे काय?

इथे अनेक जण घाबरतात. रक्कम वळवल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते. पैसे बुडालेले नसतात. पेन्शन योजनेत रक्कम नव्हे, सेवेची वर्षे पुढे जातात. एकूण दहा वर्षे भरली, की ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. दर नोकरीनंतर पेन्शनचा भाग काढून घेणाऱ्याची दहा वर्षे भरणार कशी?

वळवण्यापूर्वी हे तपासा

१. यूएएन एकच असावा. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला १२ अंकी यूएएन मिळतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. नव्या कंपनीत रुजू होताना जुना क्रमांक द्या. न सांगितल्यास दुसरा तयार होतो आणि गोंधळ वाढतो.

२. आधार, पॅन आणि बँक खाते यूएएनला जोडा. तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख सारखी हवी. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज परत येतो.

३. जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख नोंदलेली आहे का ते पाहा. मालकाने नोंदली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः आधारच्या ओटीपीने नोंदवू शकता.

४. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे का ते विचारा. बेंगळुरूतील काही मोठ्या कंपन्यांचे असे ट्रस्ट आहेत. तिथून रक्कम वळवताना जुन्या ट्रस्टने सेवेचा तपशील, म्हणजे 'परिशिष्ट के', नव्या ठिकाणी पाठवावा लागतो. त्याची प्रत मागून ठेवा.

५. महिन्याभराने पासबुक उघडा. रक्कम आली का आणि जुन्या सेवेच्या तारखा बरोबर आहेत का, दोन्ही पाहा.

इतर खात्यांत वळवता येते का?

पीएफची रक्कम एनपीएसमध्ये वळवण्याची सोय आहे. अर्ज मालकामार्फत करावा लागतो. अशी वळवलेली रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न धरली जात नाही, पण ती नवी गुंतवणूक दाखवून करसवलतही मागता येत नाही. पीएफमधून पीपीएफमध्ये मात्र थेट वळवता येत नाही. पीपीएफ खाते बँकेतून टपाल कार्यालयात किंवा एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेता येते, आणि त्याचे वय कायम राहते. ते बंद करून नवे उघडू नका.

आज करायचे काम

उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या सभासद पोर्टलवर तुमचा सेवा इतिहास उघडा. आजवर केलेल्या नोकऱ्या कागदावर लिहा आणि ताडून पाहा. एखादी नोकरी यादीत नसेल, तर तिथले पैसे कुठल्या तरी जुन्या क्रमांकावर पडून आहेत. जुनी पगारपत्रके शोधा, त्यावर पीएफ क्रमांक छापलेला असतो. तिथूनच सुरुवात करा.