आईचे आजारपण आणि परदेशातील नोकरी

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला एच-१बी परवान्यावर नोकरी करतो. सांगलीस आईला पक्षाघात झाला आहे. उशाशी फोन घेऊन रात्र जाते, झोप येत नाही. रजा मागितली तर नोकरी जाईल, अशी धास्ती वाटते.
– एक वाचक

उत्तर : आपली धास्ती स्वाभाविक आहे, परंतु बव्हंशी अनाठायी आहे. १९९३ च्या फेडरल रजा कायद्यान्वये, किमान ५० नोकर असलेल्या आस्थापनेत वर्षभर व त्या वर्षात १,२५० तास काम केलेल्या इसमास, मग तो परवान्यावर आलेला का असेना, आईवडिलांच्या गंभीर आजारात शुश्रूषेसाठी १२ आठवड्यांपर्यंत, बिनपगारी परंतु नोकरी शाबूत राखणारी रजा मिळते. आणि आई सांगलीत असली तरी तेथील डॉक्टरांचा दाखला ग्राह्य धरला जातो. (सासूसासरे मात्र या कायद्यात बसत नाहीत, आपल्या घरांना हे चमत्कारिकच वाटेल.) पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली असल्यास प्रयाणापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण खरी अडचण परतीच्या वाटेवर येते.

झोपेविषयी डॉक्टरांशी निःसंकोच बोलावे. बऱ्याच कचेऱ्यांत समुपदेशनाची विनामूल्य, गोपनीय तजवीज असते, तिची चौकशी करावी. मन फारच खचल्यास ९८८ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे सात झालेले असतात. आईच्या गोळ्यांची ती वेळ फोनसाठी ठरवून टाकावी आणि नंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, तातडीचा निरोप घरातील दुसऱ्या कोणाकडे येईल, अशी व्यवस्था करावी.