बहिरेपण, कॉक्लियर इम्प्लांट आणि पालकांची जबाबदारी

मूल बोलायला शिकते ते आधी कानाने, मग तोंडाने. आई बोलते, आजी अंगाई म्हणते, अंगणात कोंबडी ओरडते, हे सारे ऐकूनच मुलाच्या मेंदूत भाषा रुजते. ज्या मुलाला जन्मतःच ऐकू येत नाही, त्याची वाचा बहुधा शाबूत असते. पण जे कधी ऐकलेच नाही ते ते बोलणार कसे? ही साधी गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी पोहोचलेली नाही. "आमच्या घरात मुले उशिराच बोलतात," असे म्हणता म्हणता दोन-तीन वर्षे निघून जातात. या बहिरेपणावर आज उपाय आहे. मात्र त्या उपायाला मुदत आहे. बँकेत मुदत संपलेली ठेव पुन्हा गुंतवता येते, मुलाच्या वयाचे तसे नाही.

कान कसा ऐकतो?

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागील तीन नाजूक हाडे ती कंपने आतील कानात नेतात. तेथे गोगलगायीच्या शंखासारखा सुमारे अडीच वेढ्यांचा अवयव असतो. त्यास कॉक्लिया म्हणतात. त्यातील सुमारे 15 हजार केशपेशी कंपनांचे विद्युत संदेश बनवतात आणि श्रवणमज्जातंतू ते मेंदूकडे पोहोचवतो. या पेशी नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या पुरेशा शिल्लक असतील तर साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करून काम भागवते. त्या फारच थोड्या उरल्या असतील, तर आवाज कितीही वाढवला तरी शब्द कळत नाही.

कॉक्लियर इम्प्लांट या निकामी पेशींना वळसा घालून थेट मज्जातंतूलाच संदेश देते. त्याचे दोन भाग असतात. कानामागे लावायचा भाग आवाज टिपतो. त्वचेखाली शस्त्रक्रियेने बसवलेला भाग इलेक्ट्रोडच्या बारीक तारेतून कॉक्लियात विद्युत संदेश सोडतो. दोन्ही भाग चुंबकाने एकमेकांना धरून राहतात.

थोडा इतिहास

1957 साली पॅरिसमध्ये द्यूर्नो व एरिएस यांनी श्रवणमज्जातंतूला विजेने चेतवण्याचा प्रयोग केला. 1961 मध्ये अमेरिकेत डॉ. विल्यम हाऊस यांनी पुढचे पाऊल टाकले. ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रॅम क्लार्क यांचे वडीलच कानाने अधू होते. 1 ऑगस्ट 1978 रोजी त्यांनी मेलबर्न येथे रॉड साँडर्स या अपघातात श्रवण गमावलेल्या गृहस्थांना अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र बसवले. पुढे चाचणीत राष्ट्रगीताची धून वाजताच ते उभे राहिले! आपल्या महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रणी आहेत. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शस्त्रक्रियेनंतर काय होते?

शस्त्रक्रिया झाली की मूल लगेच बोलू लागेल, ही समजूत चुकीची आहे. जखम भरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. पहिल्याच आवाजाने पुष्कळ मुले घाबरून रडतात. ऐकू येणे मोठेपणी गेलेल्या व्यक्ती सांगतात, की सुरुवातीला माणसांचे बोलणे यांत्रिक, चिरके वाटते. महिनोन्महिने सराव केल्यावर त्यातून ओळखीचा आवाज उमटू लागतो. जन्मतः बहिऱ्या मुलाला तर आवाज म्हणजे काय इथूनच शिकायचे असते. त्यासाठी वारंवार यंत्राची जुळणी करावी लागते, वाचा-श्रवण उपचार वर्षानुवर्षे घ्यावे लागतात. आंघोळीला बाहेरचा भाग काढला की पुन्हा शांतता! बॅटरी, केबल यांचा खर्चही चालूच राहतो. मारेगावसारख्या ठिकाणाहून नागपूरच्या फेऱ्या करायच्या तर मजुरी बुडते. म्हणून नातेवाइकांनी केवळ शस्त्रक्रियेपुरती नव्हे, तर पुढील काही वर्षांची मदत ठरवावी.

खर्च आणि शासकीय साहाय्य

हा उपचार लाखांच्या घरात जातो. पण पैशाअभावी खचून जाऊ नये. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेत 2014 च्या सुधारणेनुसार एका मुलामागे 6 लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली. तिचे काम मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी तीत पाच वर्षांपर्यंतची वयाची अट आहे, शिवाय उत्पन्नाचीही मर्यादा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून झाली. त्याची पथके अंगणवाडी व शाळांत मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात.

आपण काय करावे?

1) मुलामागे थाळी वाजवून स्वतःच निर्णय देऊ नये. बहिरे मूलही हादऱ्याने किंवा सावलीने वळून पाहते. ओएई व बेरा या चाचण्या करून घ्याव्यात.

2) पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हे सूत्र लक्षात ठेवावे.

3) जन्मतः तीव्र कावीळ, फार कमी वजन किंवा मेंदूज्वर झालेल्या बालकांकडे विशेष लक्ष द्यावे.

4) मामे-आते भावंडांच्या विवाहात आनुवंशिक बहिरेपणाचा धोका वाढतो, हे विवाह जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

इम्प्लांट प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, आणि तिच्यातूनही शिक्षण घेता येते. विद्यार्थी मित्रांनी बहिऱ्या मुलाला चिडवण्याऐवजी त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे. सभासद बंधू-भगिनींनी आपल्या गल्लीत वर्षाचे होऊनही हाकेला न वळणारे मूल दिसले, तर त्याच्या आईबापांना त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन जावे. हे काम पुढल्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.